दुसरी हाक

न्हाई न्हाई दादा, ह्यो न्हाई. ह्यो तर रंगीत हाय की — मी मघापासून काय सांगायलेय तुला, काळा-पांढरा, काळा-पांढरा! सरकव पुढं. ह्यो बी न्हाई. ही बाई बघ कशी नटलीय, व्हट रंगवून कुठं भूत असतंय का? आमच्या पिक्चरातली बाई साधी होती, पांढरं लुगडं, हातात कंदील, अन् तळ्याच्या कडंकडंनं जायची. नाव? आता नाव ठाऊक असतं तर तुझ्या मोबाईलच्या दुकानात तासभर उभी राहिले असते का मी? चाळीस वर्सं झाली बाबा. झरीच्या जत्रेत तंबू लागला होता, तव्हा बघितलेला. बाहेर बोर्ड होता, पण मला कुठं वाचता यायचं — अन् ज्यांना वाचता यायचं ते तिकडं जीपमधी बसलेत, त्यांना आता इचारून उपयोग न्हाई.

हसायलास व्हय? हस, हस. म्हातारीला भुताचे पिक्चर लागतेत म्हून हसायलास. पण मला अडाणी समजू नकोस, भुताच्या पिक्चरात सेलू तालुक्यात माझ्यापुढं कुणी टिकायचं न्हाई. तंबू बघितला. मग व्हिडिओ आला — गणपतीत हितूनच, सेलूहून, भाड्यानं न्यायचे अन् पारावर टीव्ही मांडायचे. तव्हाचं भूत म्हंजे अंगभर केस, दात हे एवढाले, तळघरात साखळदंडानं बांधलेलं, अन् कुणीतरी येडं जाऊन ती साखळी सोडायचंच सोडायचं. मी वरडायचे, आरं नको सोडू मुडद्या! मग सीडी आली, त्याच्यात इंग्रजी भुतं, हिंदीत बोलणारी. नवं घर घ्यायचं, नळाला रक्त यायचं, तरी ती माणसं काय घर सोडायची न्हाईत. हे म्हणायचे — आगं कडू, आपल्या नळाला आठ दिवसाला पाणी येतंय, ह्यांच्या नळाला रोज रक्त तरी येतंय! लय बोलके होते. मग टीव्हीवर ते साऊथचे, भूत नाचतंय, भुताला गाणं, मधीच फुगडी घातल्यावानी गरगरा फिरतंय. ते मला आवडायचे, ह्यांना न्हाई. म्हणायचे, भुतानं आपली पायरी सोडू नये. अन् आताचे, मोबाईलवरचे — त्यात तर भूतच न्हाई! दोन तास नुसती रिकामी खुर्ची दाखवतेत. कर्र करून दार वाजलं की संपला पिक्चर.

न्हाई, मी न्हाई भ्यायचे कधीच. भ्यायचे ते हे. सहा फुटाचा गडी, सापाला शेपटी धरून फेकणारा — अन् पिक्चरात भूत आलं की पाचावर धारण. तरी बघायचेच! भ्यायला लय आवडायचं त्यांना. ते भ्यायचे अन् मी त्यांच्याकडं बघायचे, माझा पिक्चर त्योच.

झरीचंच ऐक. लगीन होऊन आठ दिवस झाले होते. तंबूत मधून दोरी बांधलेली, अल्याड गडी, पल्याड बायका. मी सासूजवळ बसलेली, मान खाली. अन् पिक्चरात ती कंदिलवाली बाई तळ्यावर येती, अन् हिरोला हाक मारती. नावानं. अन् ते नाव — थांब, मी काय ते घेऊ शकत न्हाई, हे त्यांचं आधार कार्ड हाय, तूच वाच. वाचलंस? हां, तेच. हिरोचं नाव बी तेच! बाईनं हाक मारली अन् तिकडून हे जे उठले, ते दोरीखालून रांगत बायकांमधी, अन् गच्च माझा हात धरला. सगळ्या बायका किंचाळल्या, भुताला न्हाई, ह्यांना! सासूनं पाठीत धपाटा घातला. पण हात काय सोडला न्हाई त्यांनी. पिक्चर संपूस्तर धरून बसले, घामानं नुसता चिंब. ते दिवस असे की नवरा दिवसा बायकोकडं बघायचा बी न्हाई, अन् ह्या माणसानं सगळ्या जत्रेदेखत — माय गं, मला इतकी लाज वाटली, अन् इतकं बरं वाटलं.

त्या पिक्चरात एक म्हातारा होता, त्यो हिरोला सांगायचा, पोरा, भूत एकच हाक मारतंय. माणूस असला तर दुसरी हाक देईल. म्हून पहिल्या हाकेला वळायचं न्हाई. आपल्याकडं बी म्हणतेतच की. ह्यांनी ते जन्मभर पाळलं. तलाठी दारात येऊन वरडला तरी हे घरात गप बसून दुसऱ्या हाकेची वाट बघायचे. तलाठी म्हणायचा, वहिनी, तुमचा माणूस बहिरा हाय का?

हसलास ना? मलाबी हसू यायचं.

ती बघ, ती पांढरी जीप, लिंबाखाली. पाठमोरे बसलेत ते. आमचा महारुद्र, पुतण्या हाय माझा, त्यो गोळ्या आणायला गेलाय. चार महिने झाले. उजवी बाजू गेली अन् वाचा गेली. खाऊ घातलं तर खातेत, बसवलं तर बसतेत, पण कुणाकडं बघत न्हाईत बाबा. माझ्याकडं बी न्हाई. डोळे उघडे अन् घरात कुणीच न्हाई असं. परभणीचे डॉक्टर म्हणले, कान चांगले हायेत, आतून माणूस जागा करावा लागंल. म्हणले, पहिल्या सहा महिन्यात जे परत येतंय ते येतंय, मग अवघड. म्हंजे राहिले दोन. म्हणले, त्यांना नावानं हाका मारा, मागून, बाजूनं, दिवसातून वीस-वीस डाव, पण आवाज घरातल्या माणसाचा पायजे. आता सांग, घरात नावानं कोण हाक मारणार? सासू गेली. थोरले दीर गेले. पोरगी दादा म्हणती, महारुद्र काका म्हणतोय. अख्ख्या घरात त्या नावानं हाक मारणारं एक माणूस उरलं न्हाई. डॉक्टरनं स्वतः मारून बघितली — ढिम्म. मग माझ्याकडं बघून म्हणले, तुमीच मारा की आजी. मी पदर तोंडात धरून बाहेर आले.

आता तू म्हणशील, कुठल्या जमान्यात हाय ही बाई. म्हण. पण मी दहीकाल्याला बी नुसतं काला म्हणते रे, त्याच्या आधी लोक जे लावतेत ते न्हाई म्हणत, जीभच उचलत न्हाई. आख्ख्या जन्मात ते नाव दोनदाच घेतलंय. एकदा लग्नात, उखाण्यात, त्यो बी सगळ्यांनी दार अडवलं म्हून. अन् दुसऱ्यांदा — ते जाऊ दे. तू पिक्चर हुडक. त्या पिक्चरातली बाई मारील हाक. माझ्या वतीनं तीच मारील. कानाजवळ मोबाईल धरीन, त्यांना ते तळं आठवंल, तंबू आठवंल, वळतील — वळतील की न्हाई? सांग की! तुला सगळं यंत्रातलं कळतंय, एवढं सांग.

काय? माझाच आवाज भरून देतो म्हणतोस? ह्या मोबाईलात? म्हंजे मीच हाक मारायची, अन् मग ती वाजवत बसायची? न्हाई. न्हाई न्हाई. तसलं काय करू नकोस. ठेव त्यो मोबाईल खाली. ठेव म्हणते ना!

माझा आवाज न्हाई पायजे त्यांना. माझ्याच आवाजानं तर —

पाणी हाय का रे?

दे. …सांगते. आता तोंडातून निघालंच हाय तर सांगते, पण ह्या काउंटरच्या पल्याड जाऊ देऊ नकोस, तुला तुझ्या आईची आण. हे पडायच्या आदल्या दिवशी आमी मोबाईलवर पिक्चर बघितला, त्योच, रिकाम्या खुर्चीचा. संपला तर हे उदास होऊन बसले. म्हणले, आता कशाचंच भ्या वाटंना गं मला. म्हातारा झालो. लय वाईट वाटलं बघ मला ते. भ्यायची एवढी हौस असलेला माणूस. तर मी काय केलं — मीच येडी, साठीला आलेली बाई — दुसऱ्या दिवशी भर दुपारी भाकरी घेऊन शेतात गेले. हे बांधावर बसलेले, पाठमोरे, असेच, आता बसलेत तसे. मी कडब्याच्या गंजीमागं लपले, अन् त्या कंदिलवालीसारखा आवाज काढून हाक मारली. नावानं. एकदाच. मला वाटलं, वळतील, मला बघतील, आई-माई काढतील, अन् मग दोघंबी पोट धरून हसू. पण त्यांना कसं सुचंल रे मी हाय म्हून? बायको नाव घेत न्हाई! चाळीस वर्सांत घेतलं न्हाई! रानात भर दुपारी बाईच्या आवाजात नाव आलं, म्हंजे ते दुसरं कोण असणार? ते ताठ झाले. वळले न्हाईत. वाट बघत होते, दुसऱ्या हाकेची. अन् मी — मी पदर तोंडात कोंबून हसत होते. मला हसू आवरंना. दुसरी हाक देताच आली न्हाई. एवढी एक हाक दिली असती तर त्यांना कळलं असतं, माणूस हाय. मी बघते तर ते कलंडलेले.

सगळे म्हणले ऊन लागलं. मीबी म्हणले ऊन लागलं. डॉक्टर म्हणले बीपी होता, कव्हा तरी होणारच होतं — मी मान हलवली. महारुद्र रोज त्याच्या उसाच्या रसवंतीवरून येताना माझ्या पाया पडतोय, काकू तुमी येळेवर पोचला म्हून काका जगले म्हणतोय. कसं जगायचं मी? त्यांना शेवटचं काय ऐकू आलंय ठाऊक हाय का — भुताची हाक. चार महिने झाले, तिथंच बसलेत ते, त्या बांधावर. अजून वाट बघायलेत.

काय म्हणलास?

पुन्हा म्हण.

…व्हय रे. पिक्चरातली बाई बी एकच हाक मारती. मी ती ऐकवली असती तर — देवा. काय करायला निघाले होते मी. तुझं मेमरी कार्ड तुझ्याजवळच ठेव, काय भरू नकोस त्याच्यात. अन् रेडिओ बारीक कर तुझा. सरक जरा, मला पायरीवर येऊ दे. हितून ऐकू जाईल का? जाईल. लोकं बघायलेत तर बघू दे.

गोपाळ!

…बघितलंस? खांदा बघ. ताठ झालाय खांदा. भ्याले. भ्याले ते, दादा, मला हात दे तुझा —

गोपाळ! आवो गोपाळ!

वळले. मान वळली, माझ्याकडंच बघायलेत! आवो, भिऊ नगा. मी हाय, कडू. भूत न्हाई कुणी. तव्हा बी मीच होते.