लेन्सच्या आड बसलेल्या चाची

लेन्स मी कशी निवडली, ते ऐका. बाबांचं बडनेऱ्याचं शिलाईचं दुकान बंद होणार होतं. त्या चिंचोळ्या खोलीत बाबा, मशीन आणि कपाट एकाच फोटोत मावावं, म्हणून माझ्या रोलच्या कॅमेऱ्यासाठी वाइड लेन्स शोधत मी अकोल्याला सलीमचाचांकडे गेलो. ते कॅमेरे दुरुस्त करतात. त्यांनी दोन लेन्स काढल्या. एक जाडजूड, एक बिस्किटाएवढी. जाडजूड लेन्स उजेड जास्त घेते, म्हणून मी तीच लावली.

“आता कॅमेऱ्याच्या खिडकीतून पाह्य अन् सांग, कोन कोन दिसते?” चाचांनी विचारलं.

“तुमी, कपाट, पंखा.”

“अन् माही बायको?”

मी कॅमेरा खाली केला. उजवीकडे खाली चाची तांदूळ निवडत बसल्या होत्या. या कॅमेऱ्यात बघायची खिडकी लेन्सच्या वर, बाजूला असते. जाड लेन्सनं त्या खिडकीचा खालचा कोपराच झाकला होता.

“फोटोत ते येईन, पन तुले दिसनार नाही,” चाचा म्हणाले. “मंग तिनं डोये मिटले, तं तुले काय समजन?”

चाची मान वर न करता म्हणाल्या, “यायले तं मी चाळीस वर्षांपासून बिना कॅमेऱ्याचीच दिसत नाही.”

चाचांनी छोटी लेन्स लावली आणि कॅमेरा चाचींकडे वळवला. “इकडं पाह्य ना जरा.”

ती छोटीच मी घेतली. बाबांचं दुकान फोटोत पूर्ण मावलं. पण त्या रोलवरचा पहिला फोटो चाचींचा आहे.