पेटीतल्या तसबिरीला बुरशी

हसू नका, पण बुरशीनं मला एकदा पार घाम फोडला होता. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला अन् मी पालमला नवा मास्तर. बौद्ध म्हटलं की खोली मिळंना, म्हणून मी जात लपवली अन् बुद्धाची तसबीर पेटीत दडवली. श्रावणात पेटी उघडली तर चौकटीवर पांढरी बुरशी! घरमालकीण शेतात गेल्यावर अंगणातल्या उन्हात पुसत बसलो. मागं वळून बघतो तर विसरलेला विळा न्यायला आलेली ती उभी! आता बिस्तरा गुंडाळायचा, एवढंच डोक्यात.

“कितीबी पुसा मास्तर, पेटीत कोंडल्यावर बुरशी येणारच. भिंतीला लावा.”

“मावशी, लोक काय म्हणतील?”

“तुमी लोकांच्या घरात राहायलाव का माझ्या?”

खिळा मात्र तिलाच ठोकावा लागला. मी तसबीर दोन्ही हातांनी छातीशी धरून उभा होतो.