मुक्तिनाथहून आलेलं नाव

टाळ जरा खाली ठेवा. मागच्या मंडळींनी पुढे सरकून बसा — देव मागच्यांनाही दिसतो, पण माझा आवाज आता तेवढा पोचत नाही! आणि फोन बंद करा. पेटीवाले, तुम्हीसुद्धा! मघाशी गजर ऐन रंगात आला होता आणि तुमच्या खिशात कोंबडा आरवला. सगळ्यांनी ऐकला. देवानेही ऐकला!

तर मंडळी, ऐका. आज एक प्रश्न विचारते. समजा, तुम्ही दूरदेशी आहात. घरच्या माणसाशी बोलायला तुम्हाला फक्त तीन मिनिटं मिळाली. तीनच! चौथं नाही. काय बोलाल?

बघा, सगळे गप्प! रोज तासन्‌तास बोलणारी माणसं तुम्ही — आणि तीन मिनिटं म्हटल्यावर शब्द सुचेना!

आम्हाला सुचायचं हो. माझ्या लहानपणी कागलला पोस्टात एक काळा फोन होता. ट्रंककॉल! सकाळी नोंदवायचा, दुपारी लागला तर नशीब. माझी आई ट्रंककॉलला जाताना ठेवणीतलं लुगडं नेसायची. वडील म्हणायचे, ‘‘अगं, तुझ्या भावाला लुगडं दिसणार आहे का?’’ आई म्हणायची, ‘‘त्याला नाही दिसणार. पण मला माहीत असेल ना!’’ काय बोलायचं ते पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून न्यायची. चारच ओळी. मध्ये ऑपरेटरबाई ओरडायची, ‘‘तीन मिनिटं झाली!’’ तोवर आईच्या चारही ओळी संपलेल्या असायच्या. शेवटची ओळ ठरलेली — ‘‘तब्येतीला जप रे.’’ चाळीस वर्षांत माझा मामा त्यातला एकही फोन विसरला नाही!

आता कथेकडे वळते. ही पुराणातली नाही. आमच्या कागलच्या सुशीलाक्कांची आहे. सुशीला माळवदे, बालवाडीच्या बाई. मी सांगू का म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, ‘‘सांगा! माझा मूर्खपणा झाकू नका, त्यावरच पुढचं सगळं उभं आहे.’’ असं म्हणायला छाती लागते, मंडळी!

आक्का अठरा वर्षांच्या असताना आई गेली. मागे सहा महिन्यांचा भाऊ, श्रीधर. आक्कांनी त्याला वाढवला. स्वतःचं लग्न राहून गेलं ते गेलंच. श्रीधर मोठा झाला, त्याचं लग्न झालं, शैला घरात आली. पण चौदा वर्षं पाळणा हलेना. तेव्हा आक्का नवस बोलल्या — ‘‘या घरात मूल येऊ दे, मी मुक्तिनाथाला येईन!’’ मुक्तिनाथ कुठे? नेपाळात. हिमालयात. आणि यांना गुडघेदुखी!

शैलाला दिवस गेले. आक्कांनी यात्रेचं बुकिंग केलं — बाळंतपण होईल, बारसं होईल, मग निघायचं. पण बाळ कुणाचं कॅलेंडर बघतं का? पोरगी आठ दिवस उशिरा आली! बारावा दिवस यात्रेच्या मधोमध. तिकिटं काढलेली, नवस बोललेला. आता?

या घरची एक रीत होती. बाळाचं नाव आत्याने ठरवायचं, आणि बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणालाही सांगायचं नाही. आईबापांनाही नाही! आधी बाळाने ऐकायचं, मग जगाने.

श्रीधर म्हणाला, ‘‘आक्का, बारशाला अकराच्या ठोक्याला तू फोन कर. मी फोन बाळाच्या कानाला लावतो.’’

शैला म्हणाली, ‘‘वन्सं, एखादी चिठ्ठी तरी लिहून ठेवा. फोन नाही लागला तर?’’

आक्का ताठ! ‘‘चिठ्ठी कानात बोलते का? मी सांगणार. माझ्या तोंडाने सांगणार.’’

निघाल्या. पंचवीस जणांची यात्रा. कंपनीचे घाटगे म्हणून गृहस्थ सोबत. सरहद्दीवर घाटगे बसमध्ये उभे राहिले आणि ओरडले, ‘‘मावशी, काका, सगळे ऐका! आता परदेश सुरू. ज्यांनी परदेशाचा पॅक घेतला नाही त्यांनी फोनमधलं रोमिंग बंद करा. इंटरनेट बंद करा. आलेला फोन उचलला तरी पैसे पडतात!’’

आक्का काय म्हणाल्या असतील? मंडळी, तुम्हीही हेच म्हणाला असता! त्या म्हणाल्या, ‘‘अहो घाटगे, पशुपतिनाथ कधीपासून परदेशी झाला? पासपोर्ट लागला नाही, मतदानाच्या कार्डावर सोडलं. देव आपला, भाषा कळते, वरणभात मिळतो. कसला परदेश!’’

अख्खी बस हसली. तेवढ्यात आक्कांच्या फोनवर टिंग झालं. इंग्रजीत लांबलचक मेसेज. आक्कांना वाटलं जाहिरात असेल. पुसून टाकला! फोनच्या कंपनीने काय लिहिलं होतं त्यात? हेच — बाई, तू आता आमच्या हद्दीबाहेर आहेस, सांभाळ. घाटग्यांनी सांगितलं, कंपनीने सांगितलं. अजून कुणी सांगायचं? ब्रह्मदेवाने यायचं का खाली?

मग सुरू झालं! लुंबिनीहून फोन, ‘‘शैला, बाळाला शेक दिलास का?’’ पाच मिनिटांनी पुन्हा, ‘‘आणि डिंकाचा लाडू खाल्लास का?’’ बसमधून व्हिडिओ, ‘‘हे बघ, इथल्या म्हशी बघ! अगदी आपल्यासारख्याच!’’ अहो, मग आपल्याच बघू दे की तिला! कागलहून शेजारीण फोन करणार, ‘‘आक्का, तुमच्या तुळशीला पाणी घातलं हं.’’ तिला वाटतं आपले पैसे जातात. इकडे आक्कांचेही जातात! शिवाय भजनी मंडळाचा ग्रुप. रोज सकाळी चाळीस बायका चाळीस गुलाब पाठवणार. आक्का झोपलेल्या, फोन उशाशी, आणि तो एकेक गुलाब उतरवून घेतोय! कुणी बोलत नाही, कुणी ऐकत नाही, तरी बिल वाढतंय.

तिसऱ्या दिवशी पोखऱ्याला फोन गप्प. जात नाही, येत नाही. घाटग्यांनी चौकशी केली. म्हणाले, ‘‘मावशी, बिल मर्यादेच्या पार गेलं. कंपनीने सेवा थांबवली.’’

‘‘किती झालं?’’

घाटग्यांनी आकडा सांगितला. आक्का खाली बसल्या. त्या पैशात बाळाला सागवानी पाळणा आला असता.

आणि बारसं परवावर!

आता रडणारी बाई असती तर रडली असती. घाटगे म्हणाले, ‘‘तुमच्या भावाला सांगून बिल भरायला लावतो, उद्या-परवाकडे चालू होईल.’’

आक्का उठल्या. ‘‘त्याच्या घरात बारसं आहे. त्याला यातलं एक अक्षर सांगायचं नाही. चूक माझी, निस्तरणार मी. इथले लोक कसे बोलतात इंडियाशी? ते दाखवा मला.’’

‘‘इथलं सिमकार्ड घेतात. नाहीतर लॉजवरच्या वायफायवरून बोलतात. मुक्तिनाथला आहे वायफाय, फुकट.’’

‘‘फुकटावर मी विसंबणार नाही. सिम पण घेणार!’’

सकाळी जीप सुटायची होती. त्याआधी आक्का दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्या. फॉर्म, फोटो, अंगठा. दुकानदाराने जुनं कार्ड कागदात गुंडाळून दिलं, नवं बसवलं. आक्कांनी त्याला सोडलं नाही. ‘‘इंटरनेटचं बटण कुठलं? बंद कसं होतं? मिनिटाला किती पडतात? पुन्हा सांगा.’’ तीनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. बालवाडीच्या बाई त्या! जीपवाला भोंगा वाजवतोय, यांची वही चालू!

सगळं केलं. एक राहिलं. नवा नंबर भावाला कळवायचा राहिला! जीप डोंगरात शिरली, रेंज गेली.

बाराव्या दिवशी पहाटे आक्का मुक्तिनाथाला. तिथे भिंतीतून एकशे आठ धारा पडतात, बर्फाचं पाणी. तरुण मुलं चार धारांत पळून जातात. आक्का एकशे आठही धारांखालून गेल्या! दात वाजताहेत, गुडघा बोंबलतोय, तोंडाने श्रीधरचं नाव, शैलाचं नाव, आणि तिसरं एक नाव — मनात. नवस फिटला. खाली लॉजवर आल्या. ठेवणीतली साडी नेसल्या. कुणाला दिसणार होती? पण त्यांना माहीत होतं!

लॉजच्या मालकीणबाई, मायादिदी, चहा घेऊन आल्या. आक्कांनी विचारलं, ‘‘दिदी, वायफाय?’’

मायादिदी म्हणाल्या, ‘‘बत्ती ही नहीं है सुबह से. वायफाय कहाँ से आएगा?’’

बघा! सिम नसतं घेतलं तर?

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजले. आक्का अंगणात उन्हात उभ्या. नव्या सिमवरून फोन लावला. वाजला! वाजला — आणि तिकडून कट झाला. पुन्हा लावला. कट! तिसऱ्यांदा लावला. कट!

का? अहो, श्रीधरच्या फोनवर परदेशी नंबर दिसतोय. आणि त्याला शिकवलं कुणी? आक्कांनीच! ‘‘अनोळखी नंबर उचलायचा नाही, परदेशी तर मुळीच नाही. लुबाडतात मेले!’’ आज्ञाधारक भाऊ. दोन दिवस बहिणीचा फोन लागेना म्हणून कासावीस, आणि बहिणीचाच फोन कापतोय!

कागलला पाळणा सजलेला. बायका जमलेल्या. शैला म्हणतेय, ‘‘मी सांगत होते चिठ्ठी लिहून ठेवा म्हणून. आता तुम्हीच ठेवा एखादं नाव.’’ श्रीधर हलेना. ‘‘आक्का सांगेल. थांबा.’’

इकडे आक्कांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. अकरा वाजून दहा मिनिटं! वेळ गेली. मायादिदी म्हणाल्या, ‘‘क्यों रो रही हो?’’ आक्कांनी सांगितलं. मायादिदी हसायलाच लागल्या! ‘‘दिदी, इंडिया में अभी ग्यारह नहीं बजे! हमारी घड़ी पंद्रह मिनट आगे है.’’

मंडळी, नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे पाव तास! आक्का म्हणाल्या होत्या ना — कसला परदेश? त्याच परदेशाने पाच मिनिटं हातात दिली!

डोळे पुसले. उभं राहून विचार केला. आणि आठवलं! श्रीधर सांगलीला वसतिगृहात शिकत होता, तेव्हा मोबाईल नवे. बोलणं परवडायचं नाही. भावा-बहिणीची खूण ठरलेली — एक रिंग देऊन बंद. पुन्हा एक रिंग, बंद. तिसऱ्यांदा वाजला की उचलायचा. त्याचा अर्थ, घरचं माणूस आहे, महत्त्वाचं आहे.

आक्कांनी लावला. एक रिंग — बंद! पुन्हा लावला. एक रिंग — बंद!

कागलला श्रीधर चिडून फोन बाजूला ठेवणार, तो हात थांबला. हे असं कोण वाजवतं? वीस वर्षांत असं कुणी वाजवलं नव्हतं. तिसऱ्यांदा वाजला आणि तो ओरडला, ‘‘आक्का!’’

बिचाऱ्याने विचारायला सुरुवात केली. ‘‘कुठे आहेस? बरी आहेस ना? फोन का —’’

‘‘गप्प बस. मी बरी आहे. अकरा वाजले का?’’

‘‘आत्ता वाजताहेत!’’

‘‘फोन बाळाच्या कानाला लाव.’’

शेक नाही. लाडू नाही. म्हशी नाहीत! सगळ्या बायका पाळण्याशी वाकल्या, श्वास रोखून. फोन त्या चिमुकल्या कानाशी. हिमालयातून आत्याचा आवाज आला — हळू, फक्त तिच्यापुरता. पोरगी झोपेत हसली म्हणे. शैला शपथेवर सांगते.

‘‘श्रीधर, आता तू ऐक.’’

त्याने फोन स्वतःच्या कानाला लावला.

‘‘यशोदा. तुझ्या मुलीचं नाव यशोदा.’’

मंडळी, यशोदा कोण? सहा महिन्यांच्या श्रीधरला मागे ठेवून देवाघरी गेलेली त्याची आई! त्याने तिला पाहिलेलं आठवत नाही. आई म्हणून कुणाला हाक मारली नाही. त्या घरात बेचाळीस वर्षं हे नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं — पोराला लागेल म्हणून.

श्रीधर काही बोलला नाही. एक शब्द नाही. आक्काही बोलल्या नाहीत. नुसता फोन चालू. दूर नदीचा आवाज, इकडे पाळण्याच्या घुंगरांचा. तीन मिनिटं झाली. मिनिटाचा भाव वहीत लिहून घेणारी ती बाई, तिला माहीत नव्हतं का की या गप्प बसण्याचेही पैसे पडताहेत? माहीत होतं! पण फोन ठेवला नाही. ते पैसे तिने आनंदाने दिले.

शेवटी श्रीधर म्हणाला, ‘‘आक्का, तब्येतीला जप गं.’’

आणि ठेवला.

आता तुमच्याकडे वळते! परदेशी जाणार आहात ना? कुणी मुलाकडे, कुणी यात्रेला. हसू नका, ऐका. निघण्याआधी फोनच्या कंपनीला विचारा. पॅक घ्या, नाहीतर रोमिंग बंद करा. इंटरनेटचं बटण कुठे आहे ते घरीच शिका, विमानात नव्हे. तिथलं सिम घेतलंत तर नंबर आधी घरी कळवा. आणि आपल्या माणसाशी एक खूण ठरवून ठेवा. हे सगळं कराल, पैसे वाचतील.

पण वाचवलंत कशासाठी, ते विचारा स्वतःला! गुलाबांसाठी? म्हशींसाठी? तुमचं एक ‘यशोदा’ आहे का, जे सांगायचं राहिलंय? असेल तर परदेशाची वाट बघू नका. आज घरी जाल तेव्हा आधी तेवढंच बोला. तीन मिनिटं पुरतात. आक्कांना पुरली.

चला, पेटीवाले, सूर द्या. आणि तो कोंबडा घरीच ठेवून या पुढच्या वेळी!