धुळाआप्पाचा सौदा

सन्माननीय अध्यक्ष हंबीरराव आबा, आपल्या वृद्धाश्रमाचे सेक्रेटरी नानासो, मंचावरची सगळी मोठी माणसं, आणि समोर सतरंजीवर बसलेल्या माझ्या आजी-आजोबांनो, सगळ्यांना या गुंडाचा नमस्कार.

शाल अंगावर आहे, नारळ हातात आहे. असा सत्कार माझा आयुष्यात पहिलाच. सातवीत शाळा सुटली तेव्हा कुणी सुपारीसुद्धा दिली नव्हती. मग माधवनगरच्या गिरणीत पाच महिने काढले. साताऱ्याला भरतीला गेलो, तिथं छाती दोन बोटं कमी भरली. मग मालट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर झालो. तो ट्रक या दारात बंद पडला, आणि त्या ट्रकची गंमत अशी की... रंगूबाई हात करत्यात, "मुद्द्याचं बोल की रं." बोलतो, आजी. मुद्दा बोलायचा म्हटलं की माझी जीभ दुसरीकडं पळते.

आपल्या जिन्याखाली एक दुकान आहे. साबण, फण्या, दोरा, तंबाखू. तिथं मी चौदा महिने बिनपगारी बसलो. आता आबांनी मोठ्या मनानं ठरवलं, की या वयात माणसांनी विकत का घ्यावं? सगळं ज्याच्या त्याच्या खाटेवर फुकट पोचवू. म्हणून सोमवारी दुकानाला कुलूप लागलं, आणि म्हणून आज मला निरोप. यात कुणाच्या मनात वाईट आहे का? मुळीच नाही.

पण भिंतीकडची ती जागा मोकळी दिसते ना? ती जतच्या धुळाआप्पांची.

आप्पांचा जन्म मेंढरांमागं गेला. बहात्तरच्या दुष्काळात कळप संपला, पुतण्यानं इथं आणून सोडलं. कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. एकदा चारच्या सुमारास दुकानात आले. तंबाखूचं पान हुंगलं, तळहातावर चुरलं आणि "ब्याड" म्हणाले. कानडीत, नको. दारापर्यंत गेले, मी माघारी बोलावलं तसे परत फिरले, खांद्यावरचा टावेल माझ्या हातावर टाकला आणि खालून माझी बोटं धरली. मी हात ओढला. वाटलं, म्हातारं बिघडलं.

"बाजार बघितला न्हाईस व्हय रं?" म्हणाले. "मेंढरांचा सौदा असाच करत्यात. टावेलाखाली बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं बोललास की भाव चारचौघांत फुटतो."

त्या दिवशी त्यांनी मला सौद्यात हरवलं. पुढं रोज चारला यायचे, रोज हरवायचे. जाताना म्हणायचे, "गुंडा, तू मेंढरं इकायला जाऊ नगंस. अंगावरच्या कापडासकट इकून येशील." आणि उरलेले दोन दात दाखवून हसायचे.

मंगळवारी नानासोंनी स्वतः तंबाखूची पुडी त्यांच्या उशाशी ठेवली. ती अजून तिथंच आहे, दोरासुद्धा सुटलेला नाही. बुधवारपासून ताट जसंच्या तसं परत येतंय. डॉक्टर म्हणाले, ताप नाही, दुखणं नाही. मग काय आहे?

आज शनिवार. सकाळी मी खाटेपाशी बसलो, त्यांचाच टावेल हातावर ओढला आणि खालून बोटं धरली. गार होती. लय गार. दाबून भाव सांगितला, आणि थांबलो. आप्पांनी माझा हात हळूच बाहेर काढून ठेवला.

"दुकान बंद हाय न्हवं? मग कशाला थट्टा करतूस, गड्या? फुकट घेणाऱ्याला कोण भाव इचारतंय?"

आणि भिंतीकडं तोंड केलं.

आबा, मला नीट मांडता येत नाही. पुडी त्यांना पोचली, पण ती नको म्हणून दारापर्यंत जायचं आणि कुणीतरी माघारी बोलवायचं, ते खाटेवर कसं पोचवणार? मी कुठंच टिकलो नाही, हे खरं आहे. उद्या सकाळच्या बेळगाव एस्टीचं माझं ठरलंही होतं. आता जात नाही. तुम्ही हाकलेपर्यंत जात नाही. कायमचं नको तर नको, दुकान आजच्यापुरतं तरी उघडू द्या. सोमवारी बैठकीत बघू, असं म्हणू नका. सोमवारपर्यंत ती बोटं राहतील का, याची मला भीती वाटते.

आपण मान दिलात, त्याचे आभार. शाल इथं खुर्चीवर ठेवतो, रागावू नये. नारळ मात्र ठेवत नाही. तो दुकानात मांडणार आहे. धुळाआप्पांनी तो कानाशी धरून हलवावा, पाणी कमी आहे म्हणावं, ब्याड म्हणून दारापर्यंत जावं. मी माघारी बोलवीन.

अडाणी माणूस आहे. कुणाचा मानपान बोलताना राहिला असेल तर पोटात घाला. चार वाजायला आले. किल्ली नानासोंच्या कोटाच्या खिशात आहे. आबा, हा मी हात पुढं केला आहे, आणि वर टावेल नाही.