घरच्या माणसाला घेऊन या

अहो, वर्गणी मागायला माझ्याइतकं भित्रं माणूस आख्ख्या औंढ्यात नव्हतं, तरी गोदाक्का मलाच सोबत न्यायची. निजामाच्या राजवटीतली गोष्ट. तिनं काढलेली पोरींची शाळा धर्मशाळेच्या ओसरीत भरायची. शिवरात्रीला यात्रेकरू उतरले की शाळा बंद पडणार, म्हणून तिनं खोली बांधायला घेतली. भिंती उभ्या राहिल्या, छपराला तुळ्या नव्हत्या. हट्ट्याच्या एका जमीनदाराकडं सागवान होतं.

आम्ही बैलगाडीनं गेलो. ते म्हणाले, "असल्या कामाचं बायांशी काय बोलायचं? घरच्या माणसाला घेऊन या."

परतताना मला रडू आलं. गोदाक्का म्हणाली, "रडून काहून राहिलीस? आणू की!"

चार दिवसांनी ती नवऱ्यालाच घेऊन हट्ट्याला निघाली; मी होतेच सोबत. केशवराव अगदी गरीब स्वभावाचे. जमीनदारांनी त्यांना लोडापाशी बसवलं, पान दिलं आणि विचारलं, "बोला, काय पाहिजे?"

केशवरावांनी निवांत पान चघळलं. मग म्हणाले, "मला काय ठाऊक? शाळा हिची. तुमी माणूस मागितला, हिनं आणला."

आतून मालकीणबाई खळखळून हसल्या. जमीनदार खाकरून गोदाक्काकडं वळले.

"किती तुळ्या पाहिजेत?"

"बारा."

बाराच्या बारा मिळाल्या, शिवरात्रीआधी छप्परही चढलं. पण त्या दिवशी निघताना जमीनदार तिला हळूच म्हणाले, "बाई, पुढच्या बारी एकट्याच या. यांचं पान फुकट गेलं."