चैतालीचं घर आणि न जेवणारा परीक्षक

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा! मागच्यांनी मोबाईल खिशात! एक विचारतो — ज्याला कधी भूकच लागली नाही, त्यानं भुकेची परीक्षा घ्यावी का? ठरवायचंय? मग ऐका.

तुमच्या पोरांचा तो ठोकळ्यांचा गेम आहे ना? झाडं तोडायची, दगड खणायचे, ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घर बांधायचं. भूक लागली की खायचं. नाही खाल्लं — मेला! पाटलीणबाई, हसू नका, तुमचा नातू पायरीवर तेच खेळतोय!

तर तांबट गल्लीतल्या सात पोरांचं मिळून त्या गेमात एक जग होतं. सहावीतल्या चैतालीनं त्यात दोन वर्षं खपून घर बांधलेलं. पुढं गव्हाचं शेत, मागं कोंबड्या. आणि जगाचा मालक कोण? कॉलेजातला ऋग्वेद! नावच असलं — पाठांतर असणारच की हो! पण खेळायचा कसा? मालक ना! भूक बंद, मरण बंद, वर हवेत उडायचं!

एक दिवस म्हणाला, "अडाणी फार झालेत इथं. पन्नास प्रश्न काढलेत. नापास होईल त्याचं घर पाडणार!"

चैतालीला विचारलं, "भाजलेल्या मटणानं किती भूक भागते?"

"स्क्रीनवर खाली भुकेच्या दहा तंगड्या दिसतात ना, त्या भरेपर्यंत खायचं."

"आकडा सांग!"

"आकडा कशाला, दादा? पोट भरलं की कळतं."

"चूक! मटण तीन तंगड्या, पाव अडीच, गाजर दीड! नापास!"

पोरगी रडली का? छ्या! म्हणाली, "पाड. पण आमच्यासारखा ये. भूक चालू करून, हातानं पाड."

सगळ्या पोरांदेखत! आता मागं कसं सरणार? आला! एक भिंत पाडली. धावला, उड्या मारल्या, दुसरी धरली. तंगड्या उतरल्या — आठ... पाच... दोन! पोरं ओरडतायत, "दादा, खा काहीतरी!" दादा म्हणतो, "पाव अडीच, गाजर दीड!" अरे, खा ना मेल्या!

तंगड्या संपल्या. जीव जायला लागला. समोर पिकलेला गहू! यानं उपटला आणि कच्चाच तोंडाशी नेला — तो कच्चा खाताच येत नाही! तीन गहू ओळीनं मांडले की पाव होतो — हा त्याचाच बत्तिसावा प्रश्न!

शेवटी चैतालीलाच कीव आली. घरातला पाव त्याच्यापुढं टाकला. "घे, दादा."

घेतला. बटण दाबलं. टक टक टक! काही होईना.

"दाबून धर! घास चावायला वेळ लागतो!"

"मला शिकवू नको!"

— आणि गेला! तिच्याच दारात, हातात पाव असताना! वर म्हणतो, "नेट गेलं होतं!"  पोरांनी दगड आणले आणि चैतालीची भिंत उभी करायला लागली. परीक्षा तिथंच संपली.

हसा, हसा! पण भाऊसाहेब, पहिल्या रांगेतले — तुम्हीच! एकादशीचं माहात्म्य तोंडपाठ. सुनेच्या भगरीत मीठ कमी पडलं तर अख्खं घर डोक्यावर. तिनं सकाळपासून काही खाल्लं का — विचारलंत? खाली काय बघताय? आणि बाकीचे माना काय डोलावताय, तुमची घरं पण बघितलीत मी!

आज पंगतीला आधी बाया बसतील. वाढणार पुरुष. किती पळ्या वाढायच्या ते मला विचारू नका, तिच्या ताटाकडं बघा! चला, उठा, पातेली उचला... आणि बोला, हरी विठ्ठल!