अम्मानच्या पायऱ्या

जामखेडच्या एसटीत पुढच्या बाकावर गनीभाई आपल्या मित्राला, गहिनीनाथला, मोबाईलवर फोटो दाखवत होते. मागं बसलेली बनुबाईही वाकून बघू लागली.

“आमचा पोरगा अझीम. तिकडं जॉर्डनला कामाला हाय, अम्मान शहरात. हे रोमन लोकांचं दगडी नाटकघर, दोन हजार वर्सांचं.”

“लईच पायऱ्या की!” गहिनीनाथ म्हणाला.

“सहा हजार मानसं बसायची म्हनं.”

“आन मग?”

“मग गाव उठलं. कैक वर्सं तिथं कुनी ऱ्हात न्हवतं. फुडं लांबून आलेल्या लोकांनी परत वसवलं.”

“आन जुनी मानसं?”

“ती कुठली येत्यात!”

“अझीम कवा येतोय?”

“अजून तीन वर्सं ऱ्हाऊ का, इचारत हुता.”

“तुमी काय म्हनला?”

“ऱ्हा म्हनलो.”

बनुबाईला पायऱ्यांमध्ये एक निळा ठिपका दिसला. गनीभाई तो दोन बोटांनी मोठा करत होते.

“फकस्त फोटू जवळून काढ म्हनलो. तोंड दिसत न्हाई.”